दोन टक्के कशाचे?

रत्नागिरीत एखादे घर विकायला निघाले, की ती बातमी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधी नाक्यावर पोचते. आमच्या घराचे तसेच झाले. गौरीजेवणाच्या रात्री आम्ही भावंडे ओटीवर बसलो आणि, एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता, घर काढायचे असे ठरवले. काकू आत माजघरात निजली होती. तिला सकाळी सांगू, असे म्हणालो. सकाळी मी गूळ आणायला वाण्याकडे गेलो, तर तिथे नारळ कानाशी धरून वाजवून पाहणारे एक गृहस्थ म्हणाले, "काय मास्तर, घर काढलेत म्हणे? आपल्याकडे पार्टी आहे. दोन टक्के तुमचे, दोन टक्के त्यांचे. रीतच आहे ती."

हा लेख त्या रीतीवर आहे, त्या गृहस्थांवर नाही. दलाल हा शब्द शिवीसारखा उच्चारण्याची आपल्याला उगाच खोड लागली आहे. मुंबईत शेअरबाजाराच्या रस्त्याला तेच नाव आहे आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शिवाय आम्ही रत्नागिरीकरांनी दलालाला नावे ठेवावीत म्हणजे कमालच. आमच्या आजोबांच्या पिढीपासून हापूसची पेटी मुंबईला दलालाच्या भरवशावर गेली, आणि तिकडून पट्टी येईल ती डोळे मिटून खरी मानली गेली. पट्टीत हमाली, भाडे, आडत वजा होऊन हाती काय पडले, एवढेच बागाईतदार वाचायचा; वरचे आकडे वाचून करणार काय? २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळेभाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, असे ठरवले. तो नियम प्रत्यक्ष गाळ्यापर्यंत किती पोचला हा भाग वेगळा. पण माल ज्याचा त्याच्या खिशातून आडत का, हा प्रश्न निदान सरकारदरबारी विचारला तरी गेला. आंब्याच्या पेटीसाठी जो प्रश्न विचारता आला, तो घरासाठी आपण विचारत नाही. पेटी दरसाल जाते. घर आयुष्यात एकदा जाते, आणि तेव्हा माणूस इतका भांबावलेला असतो, की जो कोणी "रीत आहे" म्हणेल त्याच्यापुढे मान डोलावतो.

तेव्हा हे दोन टक्के कशाचे, हे एकदा शांतपणे पाहू.

घर विकायचे तर आधी ते आपले आहे हे सिद्ध करावे लागते, आणि कोकणात खरी मेख इथेच आहे. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, मंगलोरी कौलांचे; पुढे ओटी, मागे पडवी, परसात विहीर आणि सहा माड. आजोबांनी ते १९३८ साली घेतले. १९७४ साली ते गेले. त्यानंतर तीन मुलांनी त्या घरात संसार केले, दोन मुलींची बाळंतपणे तिथे झाली, दर पावसाळ्याआधी कौले परतली गेली, नगरपरिषदेची घरपट्टी न चुकता भरली गेली. पण मिळकत पत्रिकेवरचे आजोबांचे नाव काही कोणी हलवले नाही. कशाला हलवायचे? सगळे आपलेच. आजोबा १९५६ च्या वारसा कायद्यानंतर गेलेले आणि घर त्यांचे स्वकष्टार्जित. म्हणजे मुलांइतकाच मुलींचाही वाटा. सरळ पाच हिस्से. हे पाच हिस्से आता अकरा सह्यांत पसरले होते: एक बेळगावला, तीन डोंबिवलीला, एक मस्कतला, आणि थोरल्या आत्याच्या मुलांपैकी एक जण कुठे आहे हे त्याच्या भावालाही धड माहीत नव्हते.

मृत्यूचे दाखले गोळा करणे, वारस लावणे, नगर भूमापनच्या कचेरीत फेरफार करून घेणे, मस्कतच्या भाच्याचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून आणणे, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेणे, यात आमचे अकरा महिने गेले. डोंबिवलीची वहिनी दोनदा रात्रीच्या गाडीने आली आणि दुसऱ्या रात्री परत गेली. धाकट्या आत्याला वय वर्षे त्र्याऐंशी. तिला रिक्षातून उतरवून कचेरीच्या पायऱ्या मी हाताला धरून चढवल्या. या अकरा महिन्यांत नारळवाले गृहस्थ मला चार वेळा भेटले. दर वेळी त्यांनी एकच वाक्य उच्चारले: "कागद झाले की सांगा, पार्टी तयार आहे."

म्हणजे काम आम्ही करायचे, आणि ते झाले की सांगायचे. दोन टक्के मात्र पुऱ्या घरावर.

आता कोणी म्हणेल, गिऱ्हाईक आणणे हे काय काम नव्हे? आहे. आमच्या गृहस्थांनी गिऱ्हाईक आणले, आणि ते कुठून आणले म्हणाल, तर आमच्याच आळीच्या टोकाकडून! तिथे भाड्याने राहणारे एक सरकारी नोकरीतले कुटुंब. मी नाचण्याला फ्लॅटमध्ये राहतो, म्हणून मला ते ठाऊक नव्हते; पण काकू त्यांच्याकडे दोनदा हळदीकुंकवाला जाऊन आली होती. गडग्यावरून हाक मारली असती तर व्यवहार झाला असता. ही एकट्या आमची गोष्ट नव्हे. रत्नागिरीतली जुनी घरे कोण घेतो? शेजारी घेतो, शेजाऱ्याचा जावई घेतो, आळीतच लहानाचा मोठा झालेला मुंबईकर चाकरमानी निवृत्तीच्या वेळी घेतो. परका माणूस जुन्या आळीतले कौलारू घर सहसा घेत नाही. त्याला कुवारबाव-मिरजोळ्याकडे नवी इमारत हवी असते. दलाल ज्या गिऱ्हाइकाला "पार्टी" म्हणतो, ते बहुधा आपल्याच ओळखीचे निघते. फक्त, घर विकतो आहोत हे ओळखीच्या माणसांना सांगायची आपल्याला लाज वाटते. पूर्वजांचे घर विकले, असे लोक म्हणतील! ही लाज झाकण्यासाठी आपण मध्ये माणूस घालतो आणि त्या पडद्याचे भाडे दोन टक्के मोजतो.

आमचा भाव ठरला अठ्ठावन्न लाख. दोन टक्के म्हणजे एक लाख सोळा हजार. पाच हिश्शांत वाटले तर हिश्शामागे तेवीस हजार दोनशे. मस्कतच्या भाच्याला ही रक्कम जाणवायचीही नाही. काकूची गोष्ट निराळी. तिला काकांच्या मागे लहानसे निवृत्तिवेतन आहे, मूलबाळ नाही, आणि घर गेल्यावर तिच्या हिश्शाची रक्कम व तिचे व्याज एवढाच तिचा आधार. तेवीस हजार दोनशे म्हणजे तिच्या औषधांचे एक वर्ष. टक्केवारीत बोलताना हे वर्ष दिसत नाही. दोन म्हणजे किती? शंभरात दोन. बोलणारा दोन बोटे वर करतो आणि आपण हसून मान हलवतो.

पुढचा प्रकार मी जसा घडला तसा सांगतो. गिऱ्हाईक घर पाहायला आले ते सहकुटुंब आले. बरोबर त्या गृहस्थांची आई होती. तिने परसातली विहीर पाहिली, रहाटाला हात लावला, तुळशीपाशी क्षणभर उभी राहिली, आणि काकूने दिलेले कोकमचे सरबत पिता पिता म्हणाली, "घर फार छान आहे हो, पण एकसष्ट लाख आम्हाला जरा जड जातात."

ओटीवर जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही.

संध्याकाळी मी त्या गृहस्थांना गाठून विचारले. ते मुळीच ओशाळले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुम्हाला अठ्ठावन्न हवे होते ना? ते मिळताहेत ना? मग वरचे माझे. ही पण रीतच आहे."

म्हणजे आमच्याकडून दोन टक्के, त्यांच्याकडून दोन टक्के, आणि दोघांच्या मधले तीन लाख! एखादा वकील वादीकडूनही फी घेतो आणि प्रतिवादीकडूनही घेतो असे कळले, तर आपण त्याला सनद राहू देऊ काय? पण घराच्या दलालीत दोन्ही बाजूंनी पैसे घेणे ही चोरी नाही, लपवाछपवी नाही. उघड रीत आहे. विकणाऱ्याला भाव चढा हवा, घेणाऱ्याला उतरता. दोघांचे हित राखण्याचे पैसे एकच माणूस घेतो तेव्हा तो कोणाचे हित राखतो, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

पण अर्थशास्त्रही आहे, तेव्हा तेही सांगून टाकतो. टक्केवारीचे समर्थन असे करतात, की भाव वाढला तर दलालाचाही फायदा वाढतो, म्हणून तो मालकासाठी झटतो. ऐकायला ठीक आहे. आता हिशेब करा. तीन महिने थांबून घराला दोन लाख जास्त मिळणार असतील, तर मालकाचा फायदा दोन लाखांचा आणि दलालाचा चार हजारांचा. चार हजारांसाठी तीन महिने कोण थांबेल? तो म्हणणार, "सोडू नका मास्तर, अशी पार्टी पुन्हा मिळायची नाही." अमेरिकेत स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास करून तो २००८ साली प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे, की दलाल जेव्हा स्वतःचे घर विकतो तेव्हा ते तो सुमारे साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि त्याला सुमारे ३.७ टक्के भाव जास्त घेतो. वाट पाहण्याची विद्या त्याला येत नाही असे नव्हे. ती तो घरच्यासाठी राखून ठेवतो.

त्याच देशात या रीतीचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. तिथे घर विकणाऱ्याने पाच-सहा टक्के दलाली द्यायची आणि त्यातली निम्म्याच्या आसपास घेणाऱ्याच्या दलालाला जायची, अशी वहिवाट होती. मिसुरी राज्यातल्या घर विकणाऱ्यांनी दलालांच्या राष्ट्रीय संघटनेवर आणि बड्या पेढ्यांवर दावा लावला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटीच्या न्यायालयात ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि भरपाईचा आकडा सुमारे १७८ कोटी डॉलरवर गेला. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले: घेणाऱ्याच्या दलालाला विकणारा किती देणार हे दलालांच्या सामाईक यादीत छापायचे नाही, आणि घर दाखवण्याआधी घेणाऱ्याने आपल्या दलालाशी लेखी करार करायचा. तिथेही ती "रीत"च होती. कोणीतरी "का?" म्हणेपर्यंत.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आता खेड्यातला माणूसही रेरा म्हणतो, तो १ मे २०१७ पासून पुरा लागू झाला. नोंदलेल्या नव्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या दलालाला त्याखाली नोंदणी करावी लागते, आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्याला शिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. उत्तम आहे. पण ही सगळी तटबंदी नव्या प्रकल्पांभोवती. आजोबांचे कौलारू घर विकणारी काकू या तटाच्या बाहेर उभी आहे. आणि दलाली किती, हे तर त्या कायद्यातही कुठे लिहिलेले नाही. दोन टक्के हा आकडा सरकारने ठरवलेला नाही, कोर्टाने ठरवलेला नाही. तो वाण्याच्या दुकानात ठरतो.

काकूच्या उपयोगी पडणारा कायदा निराळाच आहे आणि तो बराच जुना आहे: १८७२ चा करार कायदा. त्याच्या २१९ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर काम पुरे झाल्याखेरीज आडत्याचा मेहनताना देय होत नाही. २१६ वे कलम सांगते, की मालकाच्या नकळत आडत्याने मालकाच्या कामात स्वतःच्या खात्यावर व्यवहार केला, तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो. आणि २२० वे कलम सांगते, की कामाच्या ज्या भागात त्याने गैरवर्तन केले त्या भागाचा मेहनताना त्याला मिळत नाही. "वरचे माझे" ही रीत दीडशे वर्षांपूर्वीच कायद्याने ओळखून ठेवली होती. ही तीन कलमे मी एका कागदावर मराठीत उतरवून खिशात घालून गेलो. वाचून दाखवायची वेळ आली नाही. कागद बाहेर काढला एवढ्यानेच काम झाले.

यावर आमच्या घरात भांडण झाले ते दलालाशी नव्हे, आपापसात. ठाण्याचा दादा म्हणाला, आता त्याला एक पैसा द्यायचा नाही. गिऱ्हाईक आळीतलेच आहे, परस्पर उरकून टाकू. अनेक घरांत असेच करतात आणि त्याला हुशारी म्हणतात. मला ते पटले नाही. गिऱ्हाईक आळीतले असले तरी त्याला आमच्या ओटीवर त्या माणसाने आणले होते, दोनदा किल्ली घेऊन घर उघडून दाखवले होते, आमच्या वतीने पहिली बोलणी केली होती. त्याने आम्हाला फसवायचे ठरवले म्हणून आम्ही त्याच्या श्रमाचे पैसे बुडवायचे, हा न्याय नव्हे. दलालीविरुद्ध बोलणाऱ्याचे तोंड या एका ठिकाणी स्वच्छ असायला हवे. ज्याने माणूस दाखवला त्याला वगळून त्याच माणसाला गुपचूप घर विकणारा मालक आणि "वरचे माझे" म्हणणारा दलाल, यांच्यात मला तरी फारसे अंतर दिसत नाही. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

शेवटी आम्ही, घेणारे आणि ते गृहस्थ असे एका टेबलाशी बसलो. भाव एकोणसाठ लाख ठरला. त्यांचे दोन लाख वाचले, आमचा एक वाढला. दलालाला आम्ही पंचवीस हजार आणि त्यांनी पंधरा हजार, खरेदीखत नोंदवल्या दिवशी, पावती घेऊन. तेही एका कागदावर लिहिले. गृहस्थ पुटपुटले, पण त्यांनी सही केली.

दलालाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. तो दहा घरे दाखवतो तेव्हा एक विकले जाते. नऊ घरांच्या चपला त्याने झिजवलेल्या असतात, त्याचे पैसे त्याला कोण देणार? खरे आहे. पण मग त्या नऊ घरांचा खर्च दहाव्या घरातल्या विधवेने का सोसावा? डॉक्टर तपासायची फी घेतो, वकील सल्ल्याची घेतो, मूल्यांकन करणारा अहवालाची घेतो. दलालानेही घर दाखवण्याचे, कागद धावपळ करून आणण्याचे, बोलणी करण्याचे आपले दर सांगावेत आणि घ्यावेत. परदेशी असलेल्या मालकाचे घर, एकट्या म्हाताऱ्या माणसाचे घर, दहा वर्षे कुलूप असलेले घर यांच्यासाठी चांगला दलाल म्हणजे देवमाणूस. त्याने पुरते काम केले तर त्याला दोन टक्केही कमी पडतील. माझे भांडण किमतीशी नाही. काम न सांगता किंमत सांगण्याशी आहे.

बाकी मालकाला स्वतः काय करता येते, ते फार नाही आणि अवघडही नाही. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, फेरफार, आणि त्यावरची सगळी नावे, एवढे एका फायलीत लावावे. डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या काढता येतो. भाव कळण्यासाठी दोन आकडे पाहावेत. एक, सरकारचा त्या भागाचा मूल्यदर, ज्याला रेडी रेकनर म्हणतात. मुद्रांक शुल्क त्या दराने येणाऱ्या किमतीवर किंवा कराराच्या किमतीवर, जी जास्त असेल तीवर लागते. दुसरा, शेजारची घरे कितीला नोंदली गेली तो. नोंदणी कार्यालयातली सूची क्रमांक दोन कोणालाही पाहता येते, आणि ती पाहण्याची सोय संगणकावरही आहे. आळीतला भाव सांगायला दलाल लागतो ही समजूत आता सोडून द्यावी. शहराबाहेर, पावस किंवा गावखडीच्या बाजूला वाडीसकट घर असेल, तर मात्र एक गोष्ट आधी तपासावी: जमीन शेतीची म्हणून नोंदलेली असेल, तर १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमामुळे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीवाचून घेता येत नाही. ही अडचण इसार घेतल्यावर सांगणारे दलाल मी पाहिले आहेत. इसार घेण्याआधी ती सांगणारा मला कोणी भेटला, तर त्याचे दोन टक्के मी स्वतः नेऊन देईन.

आणि घर काढले आहे हे चार ओळखीच्या माणसांना आपल्या तोंडाने सांगावे. याला पैसे पडत नाहीत. काकूने हळदीकुंकवात सांगितले असते, तर आमचे अर्धे रामायण टळले असते. पण आम्ही तिलाच सगळ्यांत शेवटी सांगितले.

रत्नागिरीतल्या दलालमंडळींना माझे एक सांगणे आहे, आणि ते जाहीर आहे. मारुती मंदिरापासून गोखले नाक्यापर्यंत आपली जी काही दुकाने, टपऱ्या, टेबले असतील तिथे एक फळी लावा. घर दाखवण्याचे इतके, वारस नोंदीच्या धावपळीचे इतके, गिऱ्हाईक आणून व्यवहार पुरा केल्याचे इतके. आणि खाली एक ओळ, की आम्ही एका वेळी एकाच बाजूचे पैसे घेतो. ही फळी जो पहिल्यांदा लावील त्याच्याकडे मी स्वतः घरे घेऊन येतो. आमच्या जुन्या आळीत अजून तीन घरांना कुलूप आहे. त्यांतल्या एकाची किल्ली सध्या माझ्याकडेच असते.